देव आणि मी, एवढं पुरे नाही का?

प्रश्न एका ख्रिस्ती भावाचा आहे. नोकरी पुण्यात हिंजवडीला, मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) त्यांनी लिहिलेलं थोडक्यात असं: रोज सकाळी शास्त्र (बायबल) वाचतो, प्रार्थना करतो, कंपनीच्या बसमध्ये यूट्यूबवर संदेश ऐकतो. तीन वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा गावच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पंचांनी आधी वर्गणीची थकबाकी काढली आणि मग कबरीच्या जागेचं बोलले. त्यानंतर देवळाची पायरी चढलो नाही. देवावरचा विश्वास गेलेला नाही, माणसांवरचा उडाला. देव आणि मी, एवढं पुरे नाही का?

भाऊ, जय ख्रिस्त.

आधी थकबाकीचं बोलू, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला उपदेश वाटेल. मी चौतीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो, पाच मंडळ्या सांभाळल्या, आणि तुम्ही लिहिलाय तसा प्रसंग माझ्यासमोर घडलेला आहे. ओसरीत प्रेत, भोवती बायका, आणि बाजूच्या खोलीत सेक्रेटरींनी सभासदांचं रजिस्टर उघडलेलं. त्यांचं बोट एकेका रकान्यावरून खाली सरकत गेलं. ‘अठ्ठावीस महिने, पाळकसाहेब.’ मयताच्या मुलानं शर्टाच्या वरच्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, कमी पडल्या तशा मेहुण्याकडून घेतल्या. मी तेव्हा काय करत होतो? दफनविधीचं पुस्तक उघडून पान शोधत होतो. ते पान मला तोंडपाठ होतं. नंतर त्या मुलाची आणि माझी दर रविवारी गाठ पडायची, पण त्या खोलीबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

पैसे मागितले का जातात, तेही सांगतो. मिशनचा पैसा येत होता तो काळ गेला त्याला पिढ्या झाल्या. आता खेड्यातल्या मंडळीत पाळकाचा पगार, विजेचं बिल, कब्रस्तानाची पडलेली भिंत, सगळं वर्गणीवर. लोक वर्षानुवर्षं वर्गणी देत नाहीत, पंच मागून थकतात, आणि मग माणूस हमखास तावडीत सापडतो तो एकाच दिवशी. कारण कळलं म्हणून गोष्ट बरोबर ठरत नाही. मेलेल्या माणसाच्या उशाशी हिशेब करू नये, एवढं शहाणपण कुठल्याही खेड्यात, कुठल्याही धर्माच्या म्हाताऱ्या बाईला असतं.

आता तुमचा प्रश्न. ‘देव आणि मी’.

प्रभूची प्रार्थना तुम्ही सकाळी एकटे बसून म्हणत असाल. ती सुरू कशी होते बघा. ‘आमच्या’ बापाला हाक मारतो आपण. रोजची भाकर मागतो तीही ‘आम्हाला’, क्षमा मागतो तीही ‘आम्हाला’. खोलीचं दार लावून म्हटली तरी त्या प्रार्थनेत दुसरी माणसं येऊन बसलेलीच असतात. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं काढा. करिंथकरांना, फिलिप्पैकरांना, थेस्सलनीकाकरांना, म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांना लिहिलेली. एका माणसाला लिहिलेलं अगदी खाजगी म्हणावं असं पत्र फिलेमोनाचं. त्याचा दास पळून गेला होता, तो पौलाला भेटला, ख्रिस्ती झाला, आणि पौल त्याला परत पाठवतोय. किती नाजूक प्रकरण! असलं पत्र आपण पाकिटात घालून, वर ‘वैयक्तिक’ लिहून दिलं असतं. पौलानं दुसऱ्याच ओळीत ‘तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळीस’ असं घातलंय. म्हणजे फिलेमोन आपल्या दासाला भाऊ म्हणून घरात घेतो की नाही, हे सगळ्या मंडळीदेखत ठरणार होतं.

मराठी शास्त्रात हा ‘मंडळी’ शब्द ज्यांनी बसवला त्यांचे मला नेहमी आभार मानावेसे वाटतात. जमलेले लोक, सभा, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दासाठी त्यांनी आपल्या अंगणातला शब्द उचलला. घरची मंडळी, पंगतीची मंडळी, ‘काय मंडळी, निघायचं का?’ माझे आजोबा तर आजीलाच ‘आमची मंडळी’ म्हणायचे. पौल मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हणतो ते शिकवताना सेमिनरीतल्या गुरुजींनी दोन तास घेतले होते. मला ते आजोबांमुळे आधीच कळलेलं होतं. देऊळ म्हणजे इमारत. तिची पायरी तुम्ही चढत नाही, ठीक आहे. पण मंडळीला पायरी नसते, तिला माणसं असतात, आणि तुमची अडचण नेमकी माणसांशीच आहे.

तुमच्यासारखे पुष्कळ जण मला एक वचन ऐकवतात: दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे. मी आणि बायको घरी प्रार्थना करतो, झाले दोघे! पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय पंधराव्या वचनापासून वाचा. तिथे विषय भांडणाचा चाललाय. भावानं तुझा अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडे जा आणि त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीला कळव. आणि त्याच ओघात दोघातिघांचं वचन येतं. माणसं एकमेकांशी बिघडल्यावर ते सांधायला बसतात, त्या अवघड बैठकीत मी असेन, असं प्रभू सांगतोय. आपण ते वचन पावसामुळे उपासनेला लोक कमी आले की वापरतो.

पहिल्या मंडळीतही काही वेगळं नव्हतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सगळे एकत्र जेवताहेत, मिळकती विकून गरजवंतांना देताहेत, आणि सहाव्या अध्यायाला पोचेपर्यंत तक्रार सुरू: आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात. तक्रार ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची, इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध. म्हणजे भाषेचा गट आणि जेवणाचा हिशेब, दोन्ही आले. त्यांनी मग सात माणसं निवडली, आणि त्या सातांची नावं वाचून बघा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं! आमच्या किती पंचमंडळांना हे सुचलं असतं, देव जाणे. करिंथमध्ये तर प्रभुभोजनातच, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एकत्र भाकर मोडण्यातच, घोळ. ज्यांच्याकडे आहे ते आधी येऊन खातात-पितात, कष्टकरी उशिरा पोचतात ते उपाशी. पौल त्यांना झाडतो, पण ‘मग आपापल्या घरी भाकर मोडा’ असं म्हणत नाही. एकमेकांसाठी थांबा, म्हणतो.

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, कैसरियाला बासिल नावाचा बिशप होऊन गेला. त्या काळी भक्त लोक रानावनात एकेकटे जाऊन राहायचे. बासिलनं इजिप्त-सीरियाकडे फिरून असे एकांतवासी पाहिले होते, त्यांच्याबद्दल त्याला आदरही होता. तरी आपल्या लोकांना त्यानं एकत्र राहायला लावलं. त्याचा प्रश्न साधा होता: प्रभूनं कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तू एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील? मी सेवानिवृत्त होईपर्यंत दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी हे सांगत आलोय. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांचं सोसून घ्या, एकमेकांजवळ पापं कबूल करा, अशा आज्ञांनी पत्रं भरलेली आहेत. तुम्ही सकाळी वाचताय ते यातलंच. वाचून झाल्यावर बसमध्ये बसायचं आणि कानात बोंडं घालायची, मग त्या पाळणार कधी आणि कोणाबरोबर? यूट्यूबवरच्या भावाला तुम्हाला क्षमा करावी लागत नाही. त्याच्या तोंडाला वास येत नाही, तो पैसे उसने मागत नाही.

टाळेबंदीत आम्ही सगळेच यूट्यूबवाले झालो होतो. 2020 चं ईस्टर, 12 एप्रिल, मी जेवणाच्या टेबलावर फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उपासना घेतली. आमच्या हिनं एकटीनं गीत म्हटलं, सूर वर लागला आणि मधेच थांबला. लोकांनी नंतर फोन केले, फार छान झालं म्हणाले. मग आठवण आली ती आमच्या मंडळीतल्या एका विधवा आजींची. साधा बटणांचा फोन, तोही मुलगा मुंबईहून रिचार्ज करेल तेव्हा चालू. पाच रविवार त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण फोनच्या पडद्यावर कोणाची जागा रिकामी दिसत नाही. देवळात त्या डावीकडे तिसऱ्या बाकाच्या कडेला बसायच्या. तिथं त्या एक रविवार नसत्या तर संध्याकाळी कोणीतरी दार वाजवलंच असतं. ऑनलाइन उपासनेला मी नावं ठेवत नाही. आखातात नोकरी करणारी, अंथरुणाला खिळलेली, रविवारीही ड्युटी असणारी माणसं तिच्यावर जगतात. पण ती आजारी माणसाची पेज आहे. धडधाकट माणसानं वर्षानुवर्षं पेजेवर का राहावं?

मंडळी काय असते हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा मयताच्या रात्रींनी जास्त शिकवलं. तुमचा अनुभव उलटा आहे, माहीत आहे. म्हणूनच हे सांगतो. एका गावी पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास एक तरुण गेला, विजेचा धक्का बसून. साडेनऊला तबला आणि हार्मोनियम घेऊन दोघे आले, कोणी बोलावलं नव्हतं. रात्रभर भजनं चालली. गळे बसले तसे माणसं बदलत गेली, पण आवाज थांबू दिला नाही, कारण थांबला की आतून त्या आईचा हंबरडा ऐकू यायचा. त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून शेजारच्या तीन घरांतून पिठलं-भाकरी आली. पहाटे कबर खणायला गेलेले परत आले, खड्ड्यात पाणी भरतंय म्हणून. मग बादल्या घेऊन सहा जण उतरले. त्यातले दोघं सख्खे चुलतभाऊ, बांधावरून कोर्टात केस चालू असलेले, वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे. एकानं खालून बादली भरून द्यायची, दुसऱ्यानं वरून ओढायची. बोलले एक अक्षर नाहीत. केसही पुढे चालूच राहिली, समेट झाला वगैरे काही समजू नका. पण पाणी उपसलं गेलं आणि अकरा वाजता शवपेटी कोरड्या मातीवर ठेवली.

त्या आईचा विश्वास त्यानंतर दोन वर्षं पार कोलमडला होता. ती देवळात यायची, बसायची, पण गीत म्हणायची नाही, प्रार्थनेत डोळे मिटायची नाही. एकदा मला म्हणाली, ‘पाळकबाबा, मला आता काही खरं वाटत नाही.’ मी म्हटलं, नका वाटू देऊ, आम्ही म्हणतोय तोवर बसून राहा. मला तेव्हा प्रभूचा शिष्य थोमा आठवत होता. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो बाकीच्यांबरोबर नव्हता. त्यांनी सांगितलेलं त्याला पटलं नाही. तरी आठ दिवसांनी बघावं तर तो त्यांच्यातच, त्याच बंद दाराच्या आत. आठ दिवस त्याचा विश्वास बसलेला नव्हता आणि कोणी त्याला बाहेर काढलं नाही. प्रभू त्याला भेटला तो तिथे. तुमचा विश्वास आज शाबूत आहे, चांगलं आहे. पण तो कायम एवढाच राहील या हिशेबानं तुम्ही चाललाय.

आपल्याकडे तर मंडळीशिवाय ख्रिस्ती माणसाला पूर्वी उभं राहायलाही जागा नव्हती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. बाप्तिस्मा घेतला की भाऊबंद तुटायचे, पंगत बंद, सोयरीक बंद. वडिलोपार्जित हिस्सा 1850 च्या कायद्यानं वाचला, पण कायदा काही लग्नाला पाहुणे आणून देत नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 त बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि नंतर त्या ख्रिस्ती झाल्या त्याही सोवळं-ओवळं एकेक पदर सोडत. त्यांनी स्वतःच ते आत्मचरित्रात हसत-रडत सांगितलंय. याच टिळकांना पुढे मिशनचा विलायती थाट सोसेना. 1917 साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. तुमच्या हिशेबानं त्यांनी आता ‘देव आणि मी’ म्हणत बसायला हवं होतं; कवी माणूस, शिवाय भक्त. त्यांनी काय काढलं तर ‘देवाचा दरबार’, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांचा मेळा. पंडिता रमाबाईंचंही तसंच. अमुक पंथाचं सगळं डोळे मिटून मानणार नाही म्हणून इंग्लंडातल्या आपल्या गुरुभगिनींशी त्या पत्रांतून कडाकडा भांडल्या, आणि केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली ती शेकडो विधवा, दुष्काळातल्या पोरी घेऊन. दोघंही मंडळीवर नाराज होऊन मंडळीतच गेले, फक्त जरा रुंद मंडळीत.

एक गोष्ट मात्र झाकत नाही. नगर, जालना भागातले आपले बहुतेक पूर्वज महार-मांग वस्त्यांतून आले. गावाच्या पंगतीत त्यांना जागा नव्हतीच. एका सतरंजीवर, एका पेल्यातून, हे त्यांना मिळालं ते प्रभुभोजनात. आणि तरी आज सोयरीक जमवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातोच. पंचांच्या निवडणुकीत पॅनल कसं बनतं तेही मी पाहिलंय. तुम्हाला परत बोलावतोय ते अशाच मंडळीत. दुसरी माझ्याजवळ नाही.

आता करायचं काय? गावच्या मंडळीत लगेच जाऊ नका. पुण्यात मराठी उपासना पुष्कळ ठिकाणी होतात, त्यातली घराजवळची एक धरा आणि तीन महिने बदलू नका. या रविवारी इथे, त्या रविवारी तिथे, असं संदेश चाखत फिरणारे मी बरेच पाहिलेत. त्यांना कुठेच कोणी ओळखत नाही आणि त्यांना तेच हवं असतं. मागच्या बाकावर बसलात तरी हरकत नाही, फक्त आशीर्वचन झाल्याबरोबर पार्किंगकडे पळू नका. दाराशी दहा मिनिटं उभं राहायचं, एवढं अवघड वाटलं तरी करा. हाताचं काम मागून घ्या: खुर्च्या लावणं, माइक जोडणं, प्रभुभोजनानंतर ते इवलेसे पेले धुणं. पेले धुताना शेजारी जो उभा असतो त्याच्याशी जी ओळख होते ती संदेश ऐकून होत नाही. पंचांच्या निवडणुकीला दोन वर्षं तरी उभं राहू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि पाळकांना एकदा चहाला बोलावून वडिलांचा प्रसंग सांगा. त्यांना सुचवायचं म्हणून नव्हे, त्यांना तुमच्याबद्दल ते माहीत असावं म्हणून.

गावचं प्रकरण मात्र सोडू नका. मत्तय अठरा तुमच्यासाठीच आहे. ज्यांनी रजिस्टर उघडलं त्यांच्याकडे एकटे जा, भाऊबंदांना न घेता, आणि त्या दिवशी काय वाटलं ते सांगा. कदाचित ते तुमच्यावरच उखडतील. कदाचित तेही तीन वर्षं तोंड चुकवत असतील. मला तरी तसंच झालं होतं. नाही ऐकलं तर दोघांना घेऊन जा. तरी नाही, तर वार्षिक सभेत विषय मांडा, तुम्ही अजून तिथले सभासद आहात. थकबाकी भरलेली आहे, हे विसरू नका.

मी सुरुवातीला ज्या मुलाचं सांगितलं, तो त्या घटनेनंतर सात वर्षांनी त्याच मंडळीत पंच झाला. पहिल्याच वार्षिक सभेत तो उठला आणि त्यानं ठराव मांडला: मयत झाल्यापासून दफनानंतरच्या शोकसभेपर्यंत कोणीही वर्गणीचा विषय काढायचा नाही, रजिस्टर कपाटाबाहेर येणार नाही, किल्ली पाळकाकडे राहील. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी अनुमोदन द्यायला अर्धवट उठलो, मग लक्षात आलं की मी अध्यक्ष आहे. अनुमोदन दिलं ते त्याच सेक्रेटरींनी. पुढे तो ठराव दोनदा मोडला गेला, एकदा माझ्या बदलीनंतर लगेचच, पण मिनिट बुकात तो आहे आणि मोडला की कोणीतरी उठून वाचून दाखवतं.

तुमच्या गावची वार्षिक सभा कधी असते ते विचारून ठेवा. ठरावाचा मजकूर माझ्याकडे आहे, हवा असेल तर पाठवतो.